ऑस्टिअर म्हणे!

२ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या घराला नाव ठेवलंय. तेही इंग्रजीत!

ऑस्टिअर.

कोर्टाची फाइलवाली मागच्या आठवड्यात घर बघून गेली. दोन खोल्या बघायला तिला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आज वकिलाने तिच्या अहवालाची नक्कल हातात ठेवली आणि फोनवर बोलत बाहेर गेला. मग भिंगरीनेच वाचून दाखवली. भिंगरी म्हणजे माझी नात. दहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. इंग्रजी अक्षर लावत लावत वाचते आणि अर्थ सांगते. "घर स्वच्छ आहे, पण ऑस्टिअर आहे." म्हटलं, म्हणजे काय गं? म्हणे, "हा शब्द आम्हाला नाही अजून."

स्वच्छ आहे, पण! 'पण' मला कळतो. 'पण'च्या पुढे कुणी कुणाचं चांगलं लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

खाली आणखी एक वाक्य होतं. "मुलीच्या दिवंगत आईची एकही वस्तू घरात दिसली नाही." ते सरळ आहे. ते कळलं. कळलेल्याबद्दल काय लिहायचं?

पाच मार्चला निकाल. त्याआधी फाइलवाली आणखी एकदा येणार. तिने वाईट लिहिलं तर भिंगरी आत्याकडे जाईल. दोन वर्षं झाली माझी लेक जाऊन. जावई त्याच्याही आधी गेला — मेला नाही, दुसरीकडे संसार मांडला. दोन वर्षं त्या घरातून कुणी पोरीला फोन केला नाही. आता त्याच्या बहिणीला भाचीचा उमाळा आलाय. एकदम कोर्टातूनच!

३ फेब्रुवारी, मंगळवार

वकील विचारतो, "आजी, घरात नक्की काय काय आहे? यादी द्या."

यादी! घ्या. खाटा दोन. ताटं दोन, वाट्या दोन, पेले दोन. पातेली तीन. बादली एक. खुर्ची एक — पाहुणा आला की मी खाटेवर बसते. भिंगरीचं दप्तर, भिंगरीचे कपडे, माझे कपडे, एक कात्री, एक आरसा तळहाताएवढा. संपली यादी. वकील पेन धरून पुढचं ऐकायला थांबला होता. बिचारा.

तो म्हणाला, "हलाखीची परिस्थिती म्हणून मांडू का?" मी म्हटलं, जीभ हासडीन. हलाखी कसली? मला नकोय म्हणून नाही.

चाळीस वर्षं मी मेलेल्यांची घरं रिकामी केली. म्हातारं माणूस जातं, पोरं लांब असतात, घर खाली करून मालकाला द्यायचं असतं. मग आमच्या गोदामाला फोन येतो. आम्ही चौघं-पाच जणं जायचो. सकाळी शिरायचं, संध्याकाळी भिंती सोडून काही ठेवायचं नाही. काय काय निघायचं! एकीकडे सत्तर बरण्या निघाल्या, सगळ्यांत रबरबँड. एका साहेबाकडे कोऱ्या सदऱ्यांचे अठरा खोके, आणि अंगात घालून गेला तो कॉलर विरलेला. एवढं सगळं बघितल्यावर तुम्ही दुकानात जाऊन फुलदाणी घ्याल? मी नाही घेतली.

माझं लिहिणंही तिथलंच. शाळेत दुसरीपर्यंत गेले. खरं शिकले ते चिठ्ठ्या लिहून. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. 'भंगार'. 'विकायचं'. 'वारसांना'. पृष्ठभाग खराब होऊ नये म्हणून खालच्या बाजूला चिकटवायची. आणि चौथी एक चिठ्ठी असते — 'विकू नये'. ती मूर्खांची. लेकी-सुना आईच्या शिवणयंत्राला मिठी मारून रडतात, "हे विकू नका हं, आम्ही नेऊ." नेत कुणी नाही. गोदामाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खात पडतं. मला ती चिठ्ठी लिहायलाच लाज वाटायची.

भिंगरी माझ्या अक्षराला हसते. म्हणते, "आजी, तुझ्या 'य'ला कुबड आहे." असू दे. चालतो ना!

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतो. सगळ्या जगाचे अर्ज टाइप करतो म्हणून त्यालाच गाठलं. "ऑस्टिअर म्हणजे काय रे बाबा?"

त्याने चष्मा वर केला. "कोणाबद्दल लिहिलंय?"

मी म्हटलं, शब्दाचा अर्थ सांगायला माणूस कशाला लागतो?

"लागतो, आजी. न्यायाधीशसाहेबांच्या बंगल्याबद्दल लिहिलं असेल तर साधी राहणी. तुमच्याबद्दल लिहिलं असेल तर..." आणि यंत्रात नवा कागद सरकवला. नको तिथे अक्कल!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तो शब्द आज दुकानात भेटला! भिंगरीला बूट घ्यायला गेले होते. शेजारी मोठं भांड्यांचं दुकान, काचेवर ही मोठी अक्षरं. भिंगरी ओरडली, "आजी, तुझा शब्द!"

आत गेले. पांढरी ताटं. नक्षी नाही, काठ नाही, रंग नाही. एका लांबलचक फळीवर तीनच मांडलेली, मध्ये हातहातभर मोकळी जागा. विकणारी पोरगी हळू आवाजात बोलत होती, कुणी आजारी असल्यासारखी. "हे आमचं ऑस्टिअर कलेक्शन आहे, मॅडम. जे नकोय ते सगळं काढून टाकलंय. मोठमोठ्या घरांतून मागणी आहे."

म्हटलं, बाई, माझ्याकडेही ताटाला नक्षी नाही. आमच्या घरी कोर्टाची माणसं येतात, मागणी कुणी करत नाही.

तिला कळलं नाही. हसली मात्र. त्यांना हसायचा पगार असतो.

म्हणजे असं आहे. घेता येत असून घेतलं नाही तर ती आवड. घेता येत नसेल असं लोकांना वाटलं तर ते प्रकरण. खोली तीच, ताट तेच! बघणारा दाराशी उभा राहून ठरवतो.

८ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीला आत्याकडे भेटायला न्यायचं होतं. वकील म्हणाला, नाही म्हणू नका, कोर्टात वाईट दिसतं. गेले.

काय घर ते! दारातच बुटांचं कपाट, त्यावर काचेचे हंस, हंसांच्या पाठीवर किल्ल्या. सोफ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. भिंतीवर चार घड्याळं, चार वेगळ्या वेळा. मला सवयच — बसल्या बसल्या मनात चिठ्ठ्या लावत गेले. भंगार, भंगार, विकायचं, भंगार. दीड दिवसाचं काम. हंसांना आणखी अर्धा तास, गुंडाळायला.

आत्याबाई म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका. पण पोरीला एक खेळणं नाही तुमच्याकडे. लहान जीव आहे. आठवणी लागतात मुलांना."

मी म्हटलं, दोन वर्षांत तुमची एकही आठवण नव्हती तिच्याकडे, तरी वाढली दोन इंच.

तोंड वाकडं झालं. आत गेल्या आणि भिंगरीसाठी ही मोठी बाहुली घेऊन आल्या. खोक्यात. खोक्याला पुढे पारदर्शक कागद. "उघडायची नाही हं, बेटा. खराब होते. बघायची फक्त."

परत येताना भिंगरी म्हणाली, "आजी, तिला आत श्वास कसा घेता येत असेल?" मग म्हणाली, "तिथे माझी वेगळी खोली आहे. पंखा निळा आहे."

मी म्हटलं, बरं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पंखा निळा!

११ फेब्रुवारी, बुधवार

भिंगरीच्या वर्गशिक्षिकेला विचारलं. शब्दकोश काढला तिने. चांगली आहे, घाई करत नाही. म्हणाली, "आजी, साधेपणाच, पण नुसता नाही. कडक साधेपणा. जिथे आरामाला, हौसेला जागाच ठेवलेली नाही असा. घराला म्हणतात, राहणीला म्हणतात, आश्रमाला म्हणतात. माणसालाही म्हणतात."

"माणसाला कसं?"

"म्हणजे — कठोर चेहऱ्याचा. हसत नाही, लाड करत नाही, असा."

भिंगरी टाळ्या पिटायला लागली. "मग आजीच ऑस्टिअर! घराला उगाच लिहिलं!"

शिक्षिकेने तोंडावर हात धरला. मी म्हटलं, हसा मोकळ्या मनाने, मला काय. मग तिने विचारलं, "अहवालात आणखी काही होतं का?" मी नाही म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टायपिस्टने आज आपणहून हाक मारली. "आजी, चोवीस तारखेला बाई परत येतायत ना? एक ऐका. घर भरा. साहेबलोकांना भरलेलं घर बघितलं की बरं वाटतं. सोफा, घड्याळ, पडदे. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी त्याला चार शब्द सुनावले. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. निळा पंखा फिरत होता.

शेवटी गोदामात गेले. गोदामाचा मालक आता धाकटा आहे. त्याचा बाप असल्यापासून मी तिथे. या धाकट्याचं नाक मी पुसलंय, तरी मालकच म्हणते. भिंगरी आली तेव्हापासून मी काम सोडलंय, गुडघेही राहिले नाहीत. पण पोरगी शाळेतून येताना तासभर तिथेच थांबते. गोदाम वाटेवर आहे. माळ्यावर बसून अभ्यास करते म्हणे. मला काही आता ती शिडी चढवत नाही.

"मालक," म्हटलं, "दोन दिवसांसाठी एका संसाराचं सामान दे."

तो आधी घाबरला. मग कळल्यावर इतका हसला की हमाल गोळा झाले. "मावशी, तुम्ही? सामान?" मग म्हणाला, "न्या की. चाळीस वर्षांत तुम्ही एकही हातची घेतली नाहीत."

हातची म्हणजे आमच्या धंद्यातली रीत. घर रिकामं झालं की प्रत्येक कामगाराने त्यातली एक वस्तू स्वतःसाठी घ्यायची, कुणी काही बोलायचं नाही. इतरांची घरं नुसती हातच्यांनी भरलीत. मी कधी घेतली नाही. लेकीच्या घरीसुद्धा नाही. तिचं घर मीच काढलं. दुसऱ्या कुणी का काढावं? एका दिवसात, दुपारच्या चहाच्या आत. सवयीने हात चालतात. धंद्याचा नियमच आहे — बघायचं नाही, उचलायचं. बघत बसलं की काम संपत नाही. डोळ्यांत टिपूस आलं नाही माझ्या. मालकाला विचारा, तो होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

सामान आलं! सगळी गल्ली जमली. "आजी, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, हो, पण नको असलेल्या वस्तूंची.

सोफा दारातून जाईना. उभा केला, आडवा केला, पाय काढले, तेव्हा गेला. आता त्याच्याभोवती फिरायला अंग चोरावं लागतं. एक काचेचं कपाट. चार खुर्च्या. भिंतीवरचं घड्याळ, दर पंधरा मिनिटांनी बोंबलतं. चिनी मातीचा एक कुत्रा, अर्ध्या पुरुषाएवढा, जीभ बाहेर. प्लास्टिकची फुलं. पडदे, त्यांवर जहाजं. आणि मी ज्याला हात लावला नव्हता ते एक कळकट टेबल, बुटकं, एक खण असलेलं. वर इस्त्रीचा काळा डाग. भिंगरीने हमालाला सांगून "हे पण, हे पण" करत चढवायला लावलं.

मी म्हटलं, हे कशाला गं? याच्याने घर भरतं की घाण होतं?

म्हणे, "असू दे ना."

सोफा सोडून लगेच त्या टेबलाशी जाऊन बसली, दप्तर काढलं. दीड तास हलली नाही. भिंगरी! दीड तास! पोरीला चव म्हणून नाही.

मी सोफ्यावर बसून पाहिलं. आत बुडायला होतं. वर यायला भिंगरीचा हात लागला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळाचा आवाज बंद करायचा खटका सापडत नाही. कुत्रा जाईन तिथे माझ्याकडे बघतो. एवढ्यात माणसं राहतात कशी?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फाइलवाली आली.

सगळं नीट लिहून ठेवते. नंतर स्वतःलाच खोटं सांगायला नको.

दारात थबकली. "अरे वा! आजी, घर छान सजवलंत की!" सोफ्यावर बसली. बुडली. मी पेल्यात चहा दिला. तेवढ्यात घड्याळ बोंबललं आणि चहा तिच्या फाइलवर.

मी पुसत होते. भिंगरी म्हणाली, "सजवलं नाहीये, बाई. आणलंय. सगळं मेलेल्यांचं आहे."

"कुणाचं?"

"मेलेल्यांचं. उद्या परत जाणार. तुम्ही बसलात तो सोफा एका डॉक्टरआजोबांचा, ते त्यावरच गेले. पण झोपेत, त्रास नाही झाला. ते घड्याळ एका बाईंचं, त्या न्हाणीघरात पडल्या. कुत्र्याच्या घरातलं कोण मेलं ते मालककाकांना माहीत नाही."

फाइलवाली सोफ्यातून अशी उठली की तिला कुणाचा हात लागला नाही.

चाळीस वर्षं मी लोकांना गप्प केलंय, आज नुसती फाइल पुसत राहिले. एवढं खोटं मांडलं आणि पोरीला सांगितलंच नव्हतं की हे खोटं आहे! कोण सांगतं? आमच्या घरी मेलेल्यांच्या वस्तूंवरच रोजचं बोलणं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

फाइलवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, हे कशासाठी केलंत?"

मी म्हटलं, तुम्ही नाव ठेवलंत म्हणून. ऑस्टिअर! आधी तो शब्द चांगला की वाईट ते सांगा, मग माझं काय ते लिहा. तीन आठवडे झाले, एकाचा अर्थ दुसऱ्याशी जुळत नाही.

ती ओशाळली. खरंच ओशाळली. म्हणाली, "मला गरीब लिहायचं नव्हतं. तुम्ही गरीब वाटला नाहीत. रिकामंही लिहायचं नव्हतं. घरात जे होतं ते घासून पुसून लख्ख होतं. दोन ताटं, पण दोन्ही पोरीच्या हाताला येतील अशी खाली ठेवलेली. मला दुसरा शब्द सुचला नाही."

हिला बोलता येतं की! लिहिताना कुठे जातं कोण जाणे.

मग म्हणाली, "मला काळजी त्या शब्दाची नव्हती, आजी. त्याच्या खालच्या वाक्याची होती. पोरीच्या आईचं इथे काहीच नाही."

मी म्हटलं, नाही. मीच काढलं सगळं. माझा धंदा आहे.

"आहे की," भिंगरी म्हणाली.

तिने त्या कळकट टेबलावर हात ठेवला. "हे आईचं आहे. मालककाकांच्या माळ्यावर होतं. मी रोज त्याच्यावरच अभ्यास करते. आई यावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. आणि हा डाग आजीने पाडलाय."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

"पाडलास ना! तू आईशी भांडत होतीस. आई म्हणाली, मी करते, आणि तू म्हणालीस, मीच करते, आणि भांडता भांडता इस्त्री तशीच ठेवलीस. धूर झाला. मग तुम्ही दोघी हसलात."

फाइलवालीने माझ्याकडे पाहिलं. मी डागाकडे पाहिलं. होडीसारखा डाग. टोक माझ्याकडे.

"असेल," म्हटलं.

ती गेली. जाताना चहा अर्धाच प्याली होती. काय लिहिणार ते बोलली नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

होय. मीच पाडलाय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मला वस्तू कळतात. शिसवी की सागवानी ते मी टिचकी मारून सांगते. खुर्चीचा मोडलेला पाय कोणत्या बाजूला कलून बसणाऱ्या माणसाचा, तेही सांगते. आणि स्वतःच्या लेकीचं टेबल दोन दिवस घरात होतं, त्याच्यावर भाजी चिरली मी!

भांडण कसलं होतं तेही आठवलं. नेहमीचंच. मी तिच्या घरी गेले की सुरू व्हायचं. हे कशाला ठेवलंस, ते टाकून दे, एवढी भांडी दोघींना कशाला? ती म्हणाली होती, "आई, तू माझं घर बघायला येतेस की काढायला?"

इस्त्री त्यानंतर टेकली.

बघायचं नाही, उचलायचं. चांगला नियम आहे. आजवर कधी फसवलं नव्हतं.

२ मार्च, सोमवार

भिंगरीने विचारलं, आत्याकडे जावं लागलं तर टेबल नेता येईल का? मी म्हटलं, तिथे हंसांना जागा नाही, टेबलाला कुठली असणार.

म्हणाली, "मग मी कशी मावेन?"

खाटा झटकल्या, फरशी पुसली. सोफ्याखालची पुसली नाही. मालकाचा टेम्पो बिघडलाय, म्हणून तो अजून इथेच.

५ मार्च, गुरुवार

निकाल.

न्यायाधीश बाई होत्या. लहान केस, दागिना नाही, तोंडावर हसू नाही. मनात म्हटलं, ही ऑस्टिअर! भिंगरीला आत बोलावलं, दार लावलं. आम्ही बाहेर बाकावर. आत्याबाई एका टोकाला, मी एका टोकाला. मध्ये त्यांच्या तीन पिशव्या. आज बाहुली खोक्याबाहेर काढून आणली होती. कुणीतरी सांगितलं असणार. केस विंचरायला घेतले तर एक झुपका हातात आला. गोंदाने चिकटवलेले होते बिचारीचे. आत्याबाई रडायला लागल्या. बाहुलीसाठी नसावं. मी पाण्याचा पेला पुढे केला. प्याल्या.

मग सगळ्यांना आत घेतलं. फाइलवालीचा नवा अहवाल वाचला. मी कान टवकारून होते. तो शब्द नव्हता. सोफ्याचं सगळं होतं, कुत्र्यासकट! मला वाटलं, आता संपलं. वाचता वाचता न्यायाधीशबाईंनी एकदा तोंडापुढे रुमाल धरला. मग पुढचं वाचलं, "घरात पोरीला खोटं बोलायला शिकवलेलं नाही, हे माझ्यासमोर सिद्ध झालं."

भिंगरी माझ्याकडे. दर दुसऱ्या रविवारी आत्याकडे.

आत्याबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मावशी, खोली तशीच ठेवते मी तिची." मी म्हटलं, ठेवा. पंखा पुसत चला. — लागेल असं बोलायचं नव्हतं. सवय.

वकील आला हात मिळवायला. मी हात पदराखालीच ठेवले. त्याला वाटलं असेल, म्हातारीला रीतभात नाही.

७ मार्च, शनिवार

सामान परत गेलं. सोफ्याचे पाय पुन्हा काढले. कुत्र्याला भिंगरीने मिठी मारली, त्याची जीभ पुसली आणि पाठवून दिलं. घड्याळ जाता जाता गल्लीत बोंबललं.

घर मोठं झालं. लख्ख. श्वास घेतला.

हमाल टेबल उचलायला गेला. मी म्हटलं, राहू दे ते. तो मालकाकडे बघतो. मालक माझ्याकडे बघतो. मी मालकाला झाडलं. म्हटलं, दोन वर्षं हे माळ्यावर ठेवून काय मिळवलंस? जागा अडवली! बापाने असं केलं असतं? धंदा करतोस की आठवणींचं दुकान काढलंयस? सगळं विकलंस ना तिचं? मग हे का नाही?

तो हसला. पण नेहमीसारखा नाही. "मावशी, मी कोण न विकणारा? तुमची हातची आहे ती."

मी म्हटलं, मी उभ्या जन्मात हातची घेतली नाही. सगळं गोदाम साक्षीला आहे.

"बरं," म्हणाला. "कधी वेळ मिळाला तर टेबल उलटं करा."

मला काय धंदे नाहीत?

८ मार्च, रविवार

भिंगरी खेळायला गेल्यावर टेबल उलटं केलं.

खाली चिठ्ठी चिकटवलेली. कडा पिवळ्या पडल्यात. शाई एके ठिकाणी पाण्याने पसरलीये.

विकू नये.

'य'ला कुबड आहे.